कॉलेज रोडचं स्किन क्लिनिक, माझ्या आठ्या आणि क्रीमची पिशवी

क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. डॉक्टरबाई माझ्या वर्गातल्या एका पोराच्या मामी निघाल्या आणि उद्या कोणी म्हणायला नको की बाई जाहिरात करतायत. नाशिक, कॉलेज रोड, पहिला मजला, खाली चष्म्याचं दुकान, एवढं पुरे. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण तो डॉक्टरांचा नाही, रिसेप्शनचा आहे.

मी ४४ वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, पंधरा वर्षं अ‍ॅक्टिव्हावरून ये-जा करतेय आणि दोन तक्रारी घेऊन गेले होते. एक म्हणजे दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग, दुसऱ्या बाळंतपणानंतर आला तो गेलाच नाही, दर उन्हाळ्यात गडद होतो. दुसरी, भुवयांच्या मधल्या दोन उभ्या आठ्या. पूर्वी रागावले की यायच्या, आता मुक्कामालाच आल्यात, झोपेतही असतात, मुलीने फोटो काढून दाखवला.

पण ह्या क्लिनिकला पोचायच्या आधी मी एक मोठा घोळ घालून ठेवला होता तो सांगते, कारण हा घोळ मी सोडून अर्ध्या स्टाफरूमने घातलाय हे नंतर कळलं. दिवाळीच्या आधी एका पार्लरमध्ये (नाव इथेही नको) फेशियलला गेले, तिथल्या मुलीने गालाकडे बघून चुकचुक केली आणि एक पांढरी डबी दिली. लेबल नाही, कंपनी नाही, तारीख नाही. केशर-चंदनाचं आहे मॅडम, घरगुती, ६०० रुपये. गणिताची बाई असून मी एक प्रश्न विचारला नाही! आणि खरं सांगू, आठ दिवसांत चेहरा असा उजळला की लोक विचारायला लागले. दीड महिना लावलं. मग डबी संपली, पार्लर सुट्टीला बंद, आणि चौथ्या दिवशी तोंड पेटलं. साध्या पाण्यानेही चुरचुरायचं, गाल टोमॅटोसारखे लाल, बारीक पुरळ, आणि गालावर लव वाढलेली वेगळीच. मग जाऊबाईंनी त्यांची एक ट्यूब दिली, मेडिकलमधून कोणीही आणतं ती, ती लावली की दोन दिवसांत शांत. सोडली की परत आग. असा खेळ जानेवारीपर्यंत.

शेवटी मुलीने अपॉइंटमेंट घेतली. फोनवरच त्यांनी सांगितलं, तोंडाला जे जे लावता ते सगळं घेऊन या, संपलेल्या ट्यूबा पण आणा, औषधाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं पण. मला वाटलं काय फॅड आहे. तरी साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत भरून नेलं.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उलटी केली. ११ वस्तू निघाल्या. मला स्वतःलाच लाज वाटली, घरात गोड्या मसाल्याच्या डब्यात एवढे जिन्नस नसतात. मग त्या तांदूळ निवडतात तशा निवडायला लागल्या, हे इकडे, हे तिकडे. फेसवॉश, गुलाबपाणी, मुलीचं व्हिटॅमिन सी सीरम, एक सनस्क्रीन जे २०२१ ला एक्स्पायर झालं होतं आणि तरी अर्धं भरलेलं होतं (हे बघून त्या हसल्या, म्हणाल्या, "ताई, संपलं नाही म्हणजे लावलं नाही"). जाऊबाईंची ट्यूब उचलून त्यांनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या वाचा. मी चष्मा लावून वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. बाजूला लाल रेघ, शेड्युल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. मोमेटासोन हे स्टेरॉइड. आणि माझी विनालेबलची डबी हुंगून म्हणाल्या, आत नेमकं काय ते लॅबशिवाय सांगता येणार नाही, पण तुमचा चेहरा सांगतोय की स्टेरॉइडच असणार. त्यांच्याकडे ह्याला एक नावच आहे, टीएसडीएफ, म्हणजे स्टेरॉइड क्रीमने बिघडलेला चेहरा. नाव पडण्याइतके पेशंट येतात म्हणजे बघा. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, पण मेडिकलवाल्याला नुसतं "ती चेहऱ्याची ट्यूब द्या" म्हटलं की तो देतो, मी स्वतः दोनदा आणलीये. स्टेरॉइडने सूज दबते, रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा उजळ दिसतो, आणि त्वचा खालून पातळ होत जाते. थांबवलं की सगळं दाबून ठेवलेलं उसळून येतं.

बिनलेबलच्या डबीत स्टेरॉइड नसलं तर पारा असू शकतो हे पण त्यांनीच सांगितलं. अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि मुलींच्या किडनीवर परिणाम झाल्याची बातमी आली होती ना, गोरं व्हायच्या क्रीममुळे, ती मी वाचली होती, वाचून अरेरे म्हणून पान उलटलं होतं. तेव्हा स्वतःच्या बाथरूममधल्या डबीचा विचारही मनात आला नाही.

पहिल्या व्हिजिटला त्यांनी मला काहीही विकलं नाही, ह्याचे दोन स्टार तिथेच दिले मी. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री टॅक्रोलिमसचं मलम (सूज उतरवणारं, पण स्टेरॉइड नसलेलं), पिशवीतल्या बाकी दहा वस्तू बंद. फी ६००. म्हणजे डबीएवढीच! अडीच-तीन महिने लागले चेहरा ताळ्यावर यायला, मधे दोनदा रडून फोन केला, दोन्ही वेळा त्या स्वतः बोलल्या.

वांगाचं मात्र स्पष्ट सांगतात, आवडलं नाही तरी ऐकून घ्यावं लागतं. म्हणाल्या वांग जात नाही, झोपतो, ऊन लागलं की उठतो. त्याला ऊनच नाही तर साधा उजेडही पुरतो, म्हणून त्यांनी मला रंगाचं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन दिलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते दिसणाऱ्या उजेडालाही थोपवतं, साधं पांढरं सनस्क्रीन ते काम नीट करत नाही. आणि मात्रा. मी आजवर वाटाण्याएवढं लावायचे. त्यांनी तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा काढून दाखवल्या, एवढं चेहरा आणि मानेला. एवढं लावलं की ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपते, खर्च डोळ्यांवर येतो पण तीच मात्रा आहे. स्कार्फ हवाच, पण नाशिकच्या उन्हात पातळ जॉर्जेटचा स्कार्फ म्हणजे मनाचं समाधान. सोबत अझेलेइक अ‍ॅसिडचं क्रीम. वांगासाठी एक गोळी पण देतात, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडची, पण आधी विचारलं घरात कोणाला पायात रक्ताची गुठळी झाली होती का, माझ्या आईला झालेली, तर म्हणाल्या मग तुम्हाला नको. हा प्रश्न मला पार्लरवाली विचारणार होती का? लेझरबद्दल मीच विचारलं, तर म्हणाल्या आपल्या सावळ्या कातडीवर जोरात लेझर मारलं तर वांग दुप्पट गडद होऊ शकतो, घाई नको. आज सहा महिन्यांनी वांग साधारण अर्धा फिका आहे. मे मध्ये एका लग्नाला त्र्यंबकला उघड्यावर जेवायला बसले, ओठावरचा परत आला. असो.

आता आठ्या. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा विषय मीच काढला, त्यांनी नाही. चेहरा शांत झाल्याशिवाय सुई लावणार नाही म्हणाल्या, म्हणून एप्रिलची परीक्षा आटोपल्यावर केलं.

घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं विष आहे म्हणे ते." आता आईंना काय सांगणार, विषच आहे. बोटॉक्स म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, एका जंतूचं विष. बॉट्युलस म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, जर्मनीत शिळे सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरायची, त्यावर केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या सुमारास लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे तो कवीही होता. मग अमेरिकेत अ‍ॅलन स्कॉट नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरने तिरळेपणासाठी ते अगदी थेंबभर वापरून बघितलं, १९८९ ला तिकडे मंजुरी मिळाली. आणि कॅनडात कॅरदर्स म्हणून नवरा-बायको, बाई डोळ्यांची, नवरा कातडीचा डॉक्टर, पापण्या फडफडायच्या आजाराला हे इंजेक्शन देता देता बाईंच्या लक्षात आलं की पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्या गेल्यात. तिथून हे सगळं सुरू झालं, आणि आठ्यांसाठीची अमेरिकन मंजुरी २००२ ची. मी हे सगळं आईंना जेवताना सांगितलं, त्या म्हणाल्या म्हणजे तिरळ्यांचं औषध तू कपाळाला लावणार. चूक नाही म्हणा.

काम कसं करतं ते डॉक्टरांनी छान सांगितलं. मज्जातंतू स्नायूला हुकूम पाठवतो, आवळ, तो हुकूम ज्या रसायनातून जातो ते बाहेर पडूच देत नाही. स्नायू मरत नाही, नुसता बसून राहतो. तीन-चार महिन्यांत तंतूला नवे फुटवे येतात, हुकूम परत सुरू, आठ्या परत सुरू. म्हणून हे कायमचं नसतं, कोणी कायमचं सांगत असेल तर उठून या. आणि ज्या रेघा चेहरा हलवल्यावर पडतात त्यांना ह्याचा उपयोग, ज्या न हलवता कोरल्यासारख्या बसल्यात त्या फिक्या होतात, पुसल्या जात नाहीत. माझी डावी आठी तशी आहे, ती फिकी होणार हे आधीच सांगितलं होतं, तसंच झालं.

प्रत्यक्ष दिवस. आधी विचारपूस: गरोदर आहात का, बाळ अंगावर पितंय का (४४ व्या वर्षी हा प्रश्न ऐकून मला हसू आलं), स्नायूंचा आजार, मायस्थेनिया वगैरे, रक्त पातळ करायची गोळी, एवढ्यात कुठली अँटिबायोटिक. मग फ्रिजमधून खोकं आणलं, माझ्यासमोर फोडलं, कुपी हातात दिली. बघते तर कुपी रिकामी! मी म्हटलं मॅडम ही रिकामी आहे. त्या म्हणाल्या सगळ्यांना असंच वाटतं, तळाशी नुसता पुसटसा पापुद्रा असतो, १०० युनिट म्हणजे डोळ्याला दिसेल इतकं वजनच नाही. त्यात अडीच मिली सलाईन घातलं. आता माझ्यातली गणिताची बाई जागी झाली, अडीच मिलीत १००, म्हणजे ०.१ मिलीत ४ युनिट, पाच टोचे, २० युनिट. त्यांनी कागदावर हेच लिहिलं होतं. युनिटला ३२५ रुपये, ६,५०० झाले. हे गणित तुम्ही पण करा, कारण "एका एरियाचे इतके" असं सांगितलं की नक्की किती औषध गेलं ते कळतच नाही, सलाईन जास्त घातलं तर सिरिंज तेवढीच भरलेली दिसते. आणि एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढे नसतात, त्यामुळे मैत्रिणीला ५० लागले मला २० लागले अशी तुलना करत बसू नका, आधी खोक्यावरचं नाव विचारा.

"आठ्या घाला बघू," म्हणाल्या. आणि मला घालताच येईनात! रोज वर्गात बिनकष्ट पडतात आणि तिथे खुर्चीत मागे रेलून घाला म्हटल्यावर भुवया नुसत्या वर जातात. शेवटी त्या म्हणाल्या, समजा कोणीतरी छेदाला छेद न मिळवता अपूर्णांकांची बेरीज केलीये. झटक्यात पडल्या. पांढऱ्या पेन्सिलीने पाच ठिपके, आणि पाच टोचे, मुंगी चावल्यासारखे, मधला जरा जास्त, डोळ्यात पाणी आलं. दोन मिनिटं पण नाही लागली. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, त्या दिवशी व्यायाम नाही, डोक्याला तेल-मालीश नाही, फेशियल पंधरा दिवस नाही. चोळलं आणि औषध खाली सरकलं तर पापणी लोंबू शकते, काही आठवडे, जाते पण फोटोत राहते म्हणाल्या. मी भीतीने रात्री दोन उशा घेऊन बसूनच झोपले, तेवढी गरज नव्हती.

चौथ्या दिवशी आठी अर्धवट पडायला लागली, बाराव्या दिवशी बंद. पंधराव्या दिवशी फुकटात बघायला बोलावतात, एका बाजूला कमी वाटलं असतं तर तेव्हा २-३ युनिट टाकले असते, लागले नाहीत.

आणि एक तोटा जो मला कोणीच सांगितला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, आठवी ब. पूर्वी मी नुसतं फळ्याकडून वळून बघितलं की वर्ग गप्प व्हायचा. आता वळून बघते आणि पोरं बडबडतच असतात. त्यांना कळतच नाही मी रागावलेय! डस्टर आपटायला लागलं बघा मला, जे मी वीस वर्षांत केलं नव्हतं. सहकारी म्हणतात किती शांत झालात मॅडम.

फिलरचं पण सांगते कारण मी लालचावले होते. डोळ्यांखाली खड्डे आहेत माझ्या, इन्स्टावर पाहून गेले की भरून टाकू. फिलर म्हणजे जेल, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं. आपण सीरममध्ये लावतो त्याच नावाचं, पण सीरम वर बसून ओलावा धरतं, फिलर सुईने आत भरतात, दोघांचा काही संबंध नाही, सीरमने खड्डा भरत नसतो. बोटॉक्स स्नायू थांबवतं, फिलर जागा भरतं, लोक दोन्हीला बोटॉक्सच म्हणतात. डॉक्टरांनी गाल दाबून, मान वर-खाली करून बघितलं आणि नाही म्हणाल्या. सकाळी डोळ्यांखाली सूज येते ना तुम्हाला, तिथे जेल भरलं तर पाणी धरेल आणि पिशवी दिसेल. शिवाय ह्या भागात जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, डोळ्याच्या रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. मी विचारलं मग तुम्ही करताच कशाला, तर ड्रॉवर उघडून हायल्युरोनिडेजच्या कुप्या दाखवल्या, हे इंजेक्शन दिलं की हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल विरघळतं, हे ज्याच्या हाताशी नाही त्याने फिलर करू नये. तुम्ही कुठेही जा, हा प्रश्न विचारा, हायल्युरोनिडेज आहे का, आणि चेहरा बघा समोरच्याचा. मला नाही म्हणून त्यांनी पंचवीस-तीस हजार सोडले, हे कोण करतं आजकाल.

ग्लो ड्रिपचं तर त्यांनी दोन वाक्यांत उडवलं. पार्लरने मला दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं होतं, सलाईनमधून ग्लुटाथिओन, महिनाभरात दोन शेड गोरं. आपल्याकडे त्या इंजेक्शनला मान्यता लिव्हरच्या आजारासाठी आहे, गोरं करण्यासाठी नाही. आणि पार्लरमध्ये शिरेत सुई कोण घालणार होतं? अ‍ॅप्रन घातलेली ती मुलगी? भिंतीवर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर आहे का हे आता मी मेडिकल कॅम्पमध्ये पण बघते.

आता तो एक स्टार. रिसेप्शनवरची मुलगी डॉक्टरांच्या अगदी उलटी. आत डॉक्टर म्हणतात काही नको, बाहेर ही म्हणते मॅडम मेंबरशिप घ्या, हायड्राफेशियल वर २० टक्के, दोन वेळा सांगितलं नको, तिसऱ्यांदा व्हॉट्सअ‍ॅप आला. अपॉइंटमेंट साडेपाचची दिली की सात धरून चाला, मी नववीच्या वह्या नेऊन तपासते, एका बैठकीत चाळीस होतात. छापील बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि त्यावर कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि युनिट लिहून घ्यायला मला परत पाठवावं लागलं, दिलं पण कपाळाला आठ्या घालून (तिचं वय लहान, तिला पडतात अजून). आणि कन्सेंट फॉर्म तीन पानी, सगळा इंग्रजी. माझं ठीक आहे, पण शेजारी निफाडहून आलेल्या एक काकू होत्या, त्या कुठे सही करू एवढंच विचारत होत्या. तिसऱ्या पानावर "फोटो सोशल मीडियावर वापरायला हरकत नाही" ह्यावर आधीच टिक छापलेली, मी ती खोडली आणि सही केली, काकूंची पण खोडायला लावली. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या मला माहीतच नव्हतं, बदलते. ऑगस्टपर्यंत तरी बदललेलं नव्हतं.

क्लिनिकच्या आतल्या मेडिकलमधलं क्लेन्झर ७८० रुपये, घेऊ नका, बाहेर साधं सौम्य फेसवॉश चालतं का असं डॉक्टरांनाच विचारा, त्या हो म्हणतात.

सध्या ऑगस्ट संपत आलाय, डावी आठी परत थोडी पडायला लागलीये. परवा आठवी बच्या शेवटच्या बाकावर दोघं चिंचा खात होते, मी वळून बघितलं, एकाने चिंच गिळली, बीसकट. पुढचं इंजेक्शन घ्यायचं का ते दिवाळीच्या सुट्टीत बघू. जाणार असाल तर गुरुवारी जाऊ नका, एक कुपी वाया जाऊ नये म्हणून बोटॉक्सवाले सगळे त्याच दिवशी बोलावतात, वर बसायला जागा नसते आणि खाली चष्म्याच्या दुकानवाला गाडी लावू देत नाही.